धुवायला नको

माझगावला, पेडणेकर लाँड्रीच्या फळीवर
फुलवंताबाईने बोचकं ठेवलं आणि म्हणाली,
"धुवायला नको. नुसतं ठेवा.
उद्या पालिकेची गाडी येणार म्हणतात."

बाबांनी इस्त्री उभी केली.
ओळख ना पाळख.
मग मार्किंगच्या शाईने चिंधीवर आकडा घातला, ११७,
अर्धी पावती तिच्या हातात, अर्धी टाचणीने गाठीला,
आणि एक रुपया मागून घेतला.
आई चिडली, तिच्याकडून रुपया?
बाबा म्हणाले, फुकट ठेवलेलं हरवतं.
रुपया घेतला की राखण करावी लागते.

एवढंच. याला स्थापना म्हणतात
हे आम्हाला फार नंतर कळलं.

गाडी आली. स्टोव्ह, ताडपत्र्या, पोरांची दप्तरं,
इलियासच्या शिवणयंत्राचं पायडल, सगळं घेऊन गेली.
११७ तेवढं राहिलं.
त्या आठवड्यात अकरा बोचकी आली.
दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकांच्या साड्या
दुकानातून आमच्या माळ्यावर चढल्या.
कुणी म्हणालं, वास येतो. दोन चांगली घरं तुटली.

मग इलियासने विचारलं, फॉर्मवर पत्ता काय लिहू?
बाबांनी लिहिलं, द्वारा पेडणेकर लाँड्री.
काही वर्षांनी पोस्टमन मोरजकर थैली उतरवत म्हणाले,
"दहा बाय बारात चारशे माणसं राहतात तुमच्याकडे,
झोपतात कुठे?"
बाबा म्हणाले, "तेच तर."

आता ट्रस्ट आहे. तीन वॉर्डांत कपाटं, चाव्या,
रात्रीची दवाखान्याची फेरी, ऑडिट.
अहवालात रकाना असतो, लाभार्थी.
मी आकडा टाइप करते
आणि बोटांना उगाच शाईचा वास येतो.

देणगीदार विचारतात, मूळ कल्पना कोणाची?
मी ११७ दाखवते.

फुलवंताबाई परत आलीच नाही.
बाबा फिरले, इस्पितळं, चेंबूरचं भिक्षेकरी गृह.
उघडून बघा, आत नाव-गाव सापडेल, इलियास म्हणाला.
बाबांनी उघडलं नाही.
मला अजून वाटतं, उघडायला हवं होतं.
आणि मीही उघडत नाही.

दर मे महिन्यात ते गच्चीवर उन्हात ठेवते,
गाठ न सोडता.
आत टणक काहीतरी आहे, डबा असावा,
उचललं की वाजतं.
संध्याकाळी खाली आणून
वहीत नवी ओळ लिहिते:
११७. जमा, एक रुपया.
येणे बाकी.