दुधाचे दात

इब्राहीमचाचा नालबंदांच्या वहीत
शर्यतीचा इतिहास आहे,
गिरणीच्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या पानांवर.
पहिलं साल वाळवीनं खाल्लं,
म्हणून शर्यत सुरू होते दुसऱ्या सालापासून :
गड्ड्याच्या जत्रेनंतरचा सोमवार, सीनेकाठचा माळ,
सात शिंगरं, सगळी दोन वर्षांची.
बक्षीस एक चादर न् पोतंभर हरभरा.

शिंगराला कुठला आलाय जन्मदाखला?
चाचा ओठ वर करायचे,
हिरडीवरनं अंगठा फिरवायचे.
"दुधाचे आहेत. सोडा."

पुढं नुसती नावं. चिमणी, तुफान,
कोंडाबाईची काळी,
एका साली फक्त "पाणी नाही, शर्यत नाही".

गिरणीला कुलूप लागलं त्या वर्षी
साचेखात्यातला रेवणसिद्ध म्हेत्रे
आपलं घोडं घेऊन आला.
चाचांचा अंगठा थांबला.
पुढचे दोन दात पक्के, रुंद, पिवळट.
तीन पुरी होऊन वर एक पावसाळा.
रेवणसिद्ध लगाम धरून भलतीकडंच बघत होता.

"दुधाचे आहेत," चाचा म्हणाले.

घोडं जिंकलं, जिंकणारच.
चादर त्याच्याच साच्यावरची निघाली म्हणतात,
मला ते जरा जास्तच वाटतं.

नंतर चाचांनी एकाही तोंडात हात घातला नाही.
शर्यत दोन-तीन वर्षं अंदाजानं चालली,
मग तीही नाही.

वहीत त्या नावापुढं तारीख आहे, अंतर आहे,
वयाच्या रकान्यात अंगठ्याचा ठसा.

चाचांना लिहिता येत होतं.