पेटी

पहिल्या दिवशी रूथबाईंनी विचारलं,
आधी कधी पेटी वाजवलीय का, खोत?
म्हटलं, वाजवली नाही बाई, उचलल्यात.
तासाला अठ्ठावीस.
वीस फुटी, चाळीस फुटी, पत्र्याला पोचे पडलेल्या,
सोहार बंदरात, बारा वर्षं,
पायाखाली काच आणि काचेखाली जहाज.
आत काय असतं ते आम्हाला सांगत नाहीत.

त्या हसल्या. हसू मिरजेहून निघून
माझ्या खोलीत पोचलं
तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला होता.

कीबोर्ड एकसष्ट पट्ट्यांचा.
मारिसेल नावाची नर्स कायमची सेबूला निघाली,
पंचवीस रियालला देऊन गेली,
वर इस्त्रीचं टेबल फुकट.
त्याच टेबलावर ठेवतो. जोर लावला
की टेबल गुडघ्यात वाकतं.
खालची एक पट्टी दाबली की वर यायला वेळ घेते,
शिफ्टच्या दुसऱ्या दिवशी मी घेतो तसा.

कानावर हेडफोन. त्यामुळे खोलीत सूर सांडत नाहीत,
नुसती टकटक.
शाजी उशीखालून विचारतो,
रात्री दोनला कांदा कोण चिरतंय?
मी म्हणतो, मीच. झोप.

सा म्हणू देत नाहीत बाई.
सी म्हणा, म्हणतात. सा काय, कुठेही बसतो.
सी-ला घर आहे.
मी मान डोलावली आणि मग बराच वेळ
त्या घर असलेल्या पट्टीवर अंगठा ठेवून बसलो.

उजवा हात दीड महिन्यात मार्गी लागला.
डावा त्याच्या मागे मागे,
लग्नघरात धाकटा भाऊ फिरतो तसा:
हा चढला की तो चढतो, हा थांबला की थांबतो,
कुणी काम सांगितलं की गोंधळतो.
मनगट सैल, म्हणतात बाई. तळव्यात लिंबू आहे समजा.
समजतो.
लिंबू पिळलं जातं.

आणि हाच डावा, वर केबिनमध्ये,
ट्रॉली समुद्राकडे नेतो
तेव्हा उजवा दोर खाली सोडत असतो.
दोघं एकमेकांना विचारत नाहीत.
मध्ये पेटी झोक्यावर. घाई केली की झोका वाढतो,
झोक्याबरोबर थोडं पुढे गेलं की आपसूक विरतो.
हे सगळं बाईंना सांगितलं एकदा, लांबलचक.
त्यांनी एवढंच विचारलं,
तिथे हातांकडे बघता?
नाही.
मग?

गुरुवारी, मिरजेत सात, इथे साडेपाच,
एक दोन तीन, एक दोन ती—
आणि चित्र गोठलं.
इथे कॉल लागतो किंवा अडतो,
आम्ही त्याला हवामान म्हणतो.
बाईंचं तोंड उघडं, एक बोट हवेत,
मागच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, त्यात महिना मागचाच.
पान उलटायचं राहिलंय, सांगायला हवं,
असा विचार करत मी त्यांच्याकडे बघत राहिलो
आणि खाली डावा हात
एकटाच निघून गेला होता.
तो त्याच्या वाटेने, उजवा त्याच्या,
मी मध्ये कुणीच नाही.

हलली प्रतिमा तेव्हा बाई पाणी पीत होत्या.
ऐकत होते मी, म्हणाल्या. चित्र गेलं, आवाज नाही.
सातव्या ओळीत बी चुकला.
चुकला असेल.
मी कॅलेंडरचं सांगितलं. त्यांनी वळून पाहिलं,
आणि म्हणाल्या, हात पोचत नाही आता, नातू येईल तेव्हा.

शुक्रवारी दुपारी पाय अडकून हेडफोनची वायर निघाली.
मला कळलं नाही. खोलीला कळलं.
शाजी उठून बसला, भिंतीला टेकला,
आठ ओळी, चुकलेल्या बी-सकट.
एवढंच? म्हणाला.
एवढंच. सत्तेचाळिसाव्या वर्षी, सहा महिन्यांत, एवढंच.
त्याने पंख्याकडे पाहिलं, मग वायरीकडे.
ती राहू दे तशीच, म्हणाला,
आणि पुन्हा चिर.