हाउएव्हरच्या आधी

गोळीबार चौकात, सायकलच्या दुकानावर माझा क्लास.
एप्रिल. कूलरला नवी वाळ्याची ताटी, पंखा जुनाच;
त्याच्या घरघरीवर आवाज चढवून मी सांगत होते
की 'बट' हा घरातला शब्द,
बनियनवर दार उघडतो, तोंडावर बोलतो.
'ऑल्दो' फाटकातूनच खाकरतो:
आधी थोडं बरं सांगेन, पुढच्याची तयारी ठेवा.
'नेव्हरदलेस' म्हणजे तीन डबे जोडलेली मालगाडी,
लोकांना ताटकळत ठेवते, पण पोचते.
आणि सूर म्हणजे काय, मॅडम?
अरे, पोहे तेच. तर्री कोणाच्या हातची, ते बघा.

पहिल्या बाकावर ताराचंद हेडाऊ, वय चोपन्न.
बापाचा जन्म हातमागावर गेला, यांचा एमआयडीसीच्या गेटवर.
वहीत देवनागरीत उतरवत होते:
यट म्हणजे तरी. यट म्हणजे अजून.
"एका शब्दाचे दोन कसे काय?"
होतात, मी म्हटलं.

मग त्यांनी डबा काढला. संत्रा बर्फी, अर्धा किलो.
आणि कंपनीचं पत्र, चार घड्यांचं.
बावीस वर्षं, मोलाची सेवा, प्रामाणिक, मनापासून आभार:
प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीची रेघ,
वर मुंगीच्या अक्षरात मराठी अर्थ.
डिक्शनरी नातवाची.
"साहेबानं लिहून देल्लं," ते म्हणाले,
"आजवर तोंडानं बी कोणी म्हटलं नव्हतं."

रेघा तिसऱ्या ओळीपर्यंत होत्या.
चौथी 'हाउएव्हर'नं सुरू होत होती
आणि त्याच्या मागे स्वल्पविराम,
बसण्याआधी माणूस खुर्ची ओढून घेतो
तेवढाच.

वर्गात मी काय शिकवते?
हाउएव्हर म्हणजे परंतु, ऑफिसात वापरा, स्वल्पविराम विसरू नका.
हे नाही शिकवत की तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो,
पाणी मागतो, मुलंबाळं विचारतो,
आणि आवाज जराही न चढवता
आधीच्या तीन ओळी उचलून नेतो जप्तीवाल्यासारखा.
पावतीही देतो.

आपला 'मात्र' असा दारात उभा राहत नाही.
आधी कोणाला तरी बसवतो, मग शेजारी टेकतो.
ताराचंद मात्र.
बर्फी मात्र.

"वाचा न पुढं."
वाचलं. इंग्रजीत, मग मराठीत.
पोरं वह्यांकडे बघत राहिली. कूलरमधलं पाणी संपलं होतं,
ताटीतून नुसती गरम हवा.
तीस तारीख शेवटची.
गणवेश, शिट्टी आणि टॉर्च जमा करावेत.

त्यांनी पत्र घेतलं, घड्या पुन्हा होत्या तशाच घातल्या,
पुन्हा उघडलं.
"हे उलटं नाई लिहिता येत काय?
पहिले नोकरी गेली थे लिहायचं. मंग पण.
मंग बावीस वर्षं."

येतं की. व्याकरणाला चालतं.
फळ्यावर दोन्ही तऱ्हांनी लिहिलं.
शब्द तेच, स्वल्पविराम तोच.
एका वाक्याच्या शेवटी माणूस गेटबाहेर,
दुसऱ्याच्या शेवटी बावीस वर्षं, रात्रपाळ्यांसकट.
कंपनी दुसरं लिहीत नसते
हे मी बोलले नाही.
त्यांनी मान हलवली. त्यांना ते माझ्याआधी कळलं असावं.

डबा उघडाच होता.
"घ्या न," ते म्हणाले, "बर्फीले काय मालूम."
पोरांनी घेतली. मीही. बोटं केशरी झाली,
आणि बर्फी, खोटं कशाला बोलू, फार चांगली होती.

आठ वाजले. खाली शटर ओढल्याचा आवाज.
मी डस्टर उचललं.
"पुसू नका, मॅडम.
माह्यं उतरवून नाई झालं
अजून."