कालजी

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचं ऐकून लिहिलं.
मिलच्या ऑफिसात, जिन्याखालच्या टेबलाशी,
पालीवालसाहेब छताकडे बघत बोलायचे
आणि माझी पेन्सिल
त्यांच्या वाक्याच्या अर्धं पाऊल मागे चालायची.
ते खोकले तर थांबायची.
पान लावायला थांबले तर मी टोक काढून घ्यायची.
मिल बंद होणार, ते पत्रही मीच उतरवलं,
कामगारांना कळण्याच्या दोन दिवस आधी,
आणि टेम्पोत बसून सुदामानगरला आले
तोंड शिवल्यासारखी.

आता मी सांगते, फोन लिहितो.
वरच्या भाडेकरूंची पलक शिकवून गेली :
आंटी, माइक दबाओ, बस बोलते जाओ.
नजरेच्या मधोमध एक धुरकट रुपया आहे माझ्या,
ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसतो.
कडेकडेचं जग मात्र शाबूत.

भाषा मराठीच निवडली आहे, पलक शपथेवर सांगते.
पण इंदुरात राहून त्यालाही इथलीच खोड लागली असावी,
ळ म्हणून ऐकूच येत नाही.
मी म्हणते डोळे, तो वाचून दाखवतो डोले.
मी म्हणते काळजी करू नकोस,
तो म्हणतो कालजी करू नकोस,
जसे गुप्ताजी, वर्माजी,
तसे कोणी कालजी
गल्लीत नवीन राहायला आलेले,
संध्याकाळी बनियनवर फाटकाशी उभे राहणारे.

पत्र सांगलीला, शकूला. अकरा वर्षांनी.
मायना आमच्या घरच्या वळणाचा घातला, अ. उ. आ.
फोनमधली बाई वाचते : अ, उ, आ,
बालवाडीत पहिल्याच दिवशी सोडलेल्या पोरासारखी.
पुढे मी म्हटलं, तू त्या दिवशी जे बोललीस ते
आणि खाली गाडी आली.
तू त्या दिवशी जे बोललीस ते
गीला कचरा अलग सूखा कचरा अलग.
खोड, म्हटलं.
त्यानं लिहिलं, खोड.

आणि मी थांबले की हा मिटतो.
शकू, त्या रात्री दवाखान्यात आई…
टुक.
अगं, संपलं नव्हतं माझं.
मुलाला वसतिगृहात ठेवतानाच्या पत्रात
पालीवालसाहेब एका शब्दासाठी
भिंतीवरच्या घड्याळाची पावणेदोन मिनिटं अडले होते.
मी पेन्सिल कागदावरून उचलली नव्हती.

चारदा टुक झालं.
पाचव्यांदा एका श्वासात बोलून टाकलं :
आईचे तोडे माझ्याकडेच आहेत.
(तू चोर म्हणालीस तेव्हा मी हो म्हटलं नाही,
नाहीही म्हटलं नव्हतं.)
मग वाच म्हणून बटण दाबलं.
ती बाई, जिला लाज नाही, राग नाही,
जी गाडी चार तास उशिरा आहे हेही त्याच सुरात सांगेल,
ती म्हणाली :
आईचे थोडे माझ्याकडेच आहेत.

दुरुस्त करायला हवं.
बत्तीस वर्षांत माझ्या मसुद्याला कुणी लाल रेघ मारली नाही.
त. तव्यातला त.
पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा ऐकताना मी ओट्याला धरून उभी होते
आणि दूध उतू गेलं ते वासानं कळलं.

ओटा पुसून आले, म्हटलं, पाठव.
त्यानं पाठवलं नाही.
सगळ्यात खाली, नव्या ओळीवर,
लिहिलं फक्त : पाठव.

म्हणजे आता पत्र असं आहे.
कालजी करू नकोस.
आईचे थोडे माझ्याकडेच आहेत.
पाठव.

पलक साडेतीनला शाळेतून येईल,
ते निळं चिन्ह तिच्याच बोटाला सापडतं.
तोवर थांबायचं.
ते मला येतं.