कलम चौदा

मार्चचा दुसरा मंगळवार. टार्बेल नॉच, न्यू हॅम्पशायर.
शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या,
बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल,
टेबलामागे मी, या गावची कारकून,
एकतीस वर्षं पिवळी कार्डं मोजते आहे.

कलम तेरा : दफनभूमीच्या फाटकाला रंग. मंजूर.
कलम चौदा : बर्फाचा नांगर
वरच्या रस्त्याच्या टोकापर्यंत न्यावा का?
डिझेल, मीठ, चालकाचा पगार.
काहीही न पेरणारा नांगर,
त्याच्यासाठी दरसाल एकोणीस हजार डॉलर.

ऑरिन थिबोडो उठला.
हा डिसेंबरात कर भरतो तो एकेक डॉलरच्या नोटांनी,
मोजताना माझी बोटं गोठतात,
आणि पावती घेतल्याशिवाय हलत नाही.

"विहीर मी खणली," तो म्हणाला, "लाकडं मी फोडतो.
वरच्या रस्त्याचा बर्फ सहा हिवाळे मीच काढतोय,
कुणी सांगितलं म्हणून नाही.
उद्या तुम्ही हात वर करून माझ्या खिशात हात घालाल,
तर रस्ता तेवढाच साफ होईल,
पण त्यात मी कुठे असेन?
शंभर जणांनी मिळून काढून घेतलं
म्हणून ते मी दिलेलं होत नाही."

टाळ्या. मागे एक बाळ रडलं.
बाळाचं म्हणणं इतिवृत्तात घेतलेलं नाही.

मग अडेलिया विंगेट. उठायला वेळ लागला.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
सकाळी सातच्या आत तिला डायलिसिसला पोचावं लागतं,
खाली, चाळीस मैलांवर.

"ऑरिन, तू भला माणूस आहेस," ती म्हणाली,
"आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.
पहाटे चारला तुझे दिवे दिसेपर्यंत
मी खिडकीत उभी असते.
आज तुला ताप आला असेल का?
परवा मी काही वावगं बोलले का?
सहा वर्षांत तुझ्याशी एकदाही भांडले नाही रे.
मला भांडायचंय.
उशीर झाला तर फोन फिरवून
कुणाला तरी चार शिव्या हासडायच्यात.
उपकार करणाऱ्याला
कोण असा फोन करतं?"

जिममध्ये हीटरचा आवाज तेवढा राहिला.
ऑरिन टोपीची कड चाचपत होता.
"मी कधी काही मागितलं?" तो हळूच म्हणाला.
"नाही ना," ती म्हणाली. "तेच तर."

मी दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली होती.
कारकुनालाही एक कार्ड असतं.
ते वर गेलं की मांडीवर राहिलं, हे विचारू नका.
अठ्ठ्याऐंशी विरुद्ध सत्त्याऐंशी. दोनदा मोजलं.

पुढच्या डिसेंबरात पहिला मोठा बर्फ.
पावणेपाचला गावचा नांगर वरच्या रस्त्याने गेला,
वेळेवर, सरळ, कुणाकडे न बघता,
आणि जाता जाता प्रत्येक फाटकाच्या तोंडाशी
कमरेइतका ढिगारा लोटून गेला.
नांगराचं काम रस्ता. फाटकं कलमात नव्हती.

अडेलियाने माझ्या घरी फोन केला. शिव्या दिल्या.
चांगल्या सणसणीत दिल्या, आवाजात धाप नव्हती.
मी तक्रार लिहून घेतली, क्रमांक दिला,
तेवढ्यात ती म्हणाली, "थांब जरा."
रिसीव्हर तसाच. दार उघडल्याचा आवाज.
मग दूरवर, वाऱ्यातून :
"आता येतोयस? सव्वापाच झालेत, ऑरिन!"

फावडं थांबलं असावं.
तो काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही,
"मी काय तुमचा नोकर आहे?" असं काहीतरी,
आणि मग दोघंही बराच वेळ
एकमेकांवर ओरडत राहिली.

तक्रार क्रमांक एक अजून माझ्या वहीत आहे.
"निवारण कोणी केले?" हा रकाना
मी रिकामा ठेवलाय.

एकतीस डिसेंबरला तो आला. तशाच नोटा.
मी मोजल्या, पावती फाडली.
त्याने ती घडी करून टोपीत खोचली
आणि विचारलं,
बुधवारी बर्फाचा अंदाज काय आहे.