मनुष्यबळ : चार

मरवड्याच्या शिवारात
गेल्या सालच्या कडब्याची गंज पेटली.
बंब घेऊन पोचलो तेव्हा
सिकंदर मुलाणी ओलं गोणपाट घेऊन
आधीच धुरात, भुवया जळालेल्या.

"लांबनं आलाव तुमी. पायपाचं तोंड हिकडं द्या,
वारं कुठनं फिरतंय मला ठावं हाय."
दिलं.
नियमात बसत नाही.

टाकी अकरा मिनिटांत संपली.
मग डाळिंबाच्या बागांतनं
फवारणीचे ट्रॅक्टर आले एकामागं एक,
औषधाचा वास असलेलं पाणी
आमच्या बंबात सोडत राहिले.

पहाटे नोंदवहीत लिहिलं, मनुष्यबळ : चार.
पगारी तेवढेच.

सिकंदर मडगार्डवर बसून
बांधाकडची होरपळलेली कणसं चोळत होता.
काळ्या तळव्यावरचा हुरडा
फुंकून पुढं केला,
"खावा सायेब. जरा जास्तच भाजलाय."