पाठपोट

मतपत्रिका पाठपोट छापलेली होती.
पोटावर इतिहास,
पाठीवर आमचं लग्न
आणि त्याच्या जरा वर, कोंबड्यांचे पिंजरे.

ओडेसामावशी एक्याण्णव वर्षांची.
मीच घेऊन गेले तिला, स्टॉकटनच्या अग्निशमन केंद्रात,
लाल बंबाशेजारी पुठ्ठ्याचा आडोसा केला होता तिथे.
डोक्यावर चर्चची जांभळी हॅट.
तरुणपणी मिसिसिपीत कारकुनानं तिला विचारलेलं,
साबणाच्या एका वडीत फुगे किती?
सांग, मग मत दे.

पहिला गोल भरताना तिचा हात कापत होता.
मी मनगट धरलं, भिंग धरलं,
शाई बाहेर जाऊ नये म्हणून दोघींनी श्वास धरला.
"बघ," ती म्हणाली, "एक फुगा सापडला."

मग पान उलटलं.
तिनं भिंग माझ्या हातातून काढून घेतलं.
"हे माझं मी करते, अर्लीन."
मी बंबाकडे बघत राहिले.
नळीची वेटोळी मोजली. अकरा.
आडोसा असतोच त्यासाठी.

रात्री आमच्या गल्लीत लोकांनी पातेली बडवली.
कुत्र्याशीसुद्धा न बोलणारा डिलार्ड
मोज्यांवर रस्त्यात नाचला.
मी रडले. खोटं कशाला सांगू,
बाहीनं नाक पुसत लहान पोरीसारखी रडले,
जिच्या शाळेच्या नळावर वेगळी पाटी होती त्या पोरीसारखी.

बारा वाजून गेल्यावर
पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत गेली.
आकडे, टक्के.
सोकोरोनं टीव्हीचा आवाज बंद केला.
बाहेर हॉर्न वाजतच होते.

कोंबड्या मात्र जिंकल्या.
आता त्यांना पंख पसरण्याएवढी जागा, कायद्यानं.
"कोंबड्यांचं अभिनंदन," सोकोरो म्हणाली,
आणि आम्ही हसलो, पोट धरून हसलो,
थांबता येईना तेव्हा कळलं
हे हसू नव्हे.

ऑगस्टमधला तो कागद अजून फ्रिजवर आहे,
डिटर्जंटच्या कूपनाशेजारी, एकाच चुंबकाखाली.
कूपनावर मुदत लिहिलेली आहे.
वकीलबाई म्हणतात, थांबा, बघू.
एवढी मोठी बेरीज केली देशानं,
हातचा एक धरायचा राहिला.

लग्नाला मावशी आली नव्हती.
टॉवेलांचा जोड पाठवला होता, चांगला, जाड.

गुरुवारी आली ती, रताळ्याचा पाय घेऊन.
"दोघींसाठी," म्हणाली, आणि काटे काढले तीन.
टीव्हीवर पुन्हा तेच भाषण, ती पुन्हा रडली,
माझा हात घट्ट धरून,
तोच हात, जो पहिल्या गोलाला लागला होता.
मी विचारलं नाही.
पाय गोड होता. गिळायला वेळ लागला.

मग नको नको म्हणताना भांडी घासायला उभी राहिली,
कोपरापर्यंत फेस.
कणीक मळताना सोकोरोनं काढून ठेवलेली अंगठी
साबणाच्या ताटलीत होती.
मावशीनं ती उचलली.
नळाखाली धरली,
पदराला पुसावी तशी ॲप्रनला पुसली, उलटसुलट,
आणि टाचा उंचावून वरच्या फळीवर ठेवली.

"मोरीत जाईल," म्हणाली,
माझ्याकडे न बघता.